टक् न झालेला रिले: फोंडा तालुक्यातल्या एका रिसीव्हरचं प्रकरण

पार्श्वभूमी

घर फोंडा तालुक्यातलं, जुनं, मधोमध राजांगण, म्हणजे उघडा चौक, असलेलं. घरमालकांना सगळा गाव मास्तर म्हणतो, मीही तेच म्हणतो. सातवीत त्यांनीच मला गणित शिकवलं. माझं फोंड्यात इन्व्हर्टर-बॅटरीचं दुकान आहे. ॲम्प, रेडिओ दुरुस्त करणं हा पोटापाण्याचा धंदा नव्हे, खाज आहे.

रिसीव्हर, म्हणजे रेडिओ आणि ॲम्प एकाच पेटीत, २००४ सालचा. मास्तरांचे धाकटे भाऊ तेव्हा कुवेतला होते, त्यांनी सुट्टीवर येताना आणलेला. तिथली वीज २४० व्होल्ट, ५० सायकल, त्यामुळे इथे लावायला काही अडचण आली नाही. पाच स्पीकर, एक सबवूफर, बारा-तेरा किलोचं धूड. ते ठेवलं होतं राजांगणाकडे तोंड असलेल्या ओसरीवरच्या शोकेसमध्ये, आणि वर वहिनींनी विणलेला पांढरा रुमाल, नेमका हवेच्या जाळीवर. आषाढात वळचणीचं पाणी राजांगणात कोसळतं तेव्हा तुषार त्या शोकेसच्या काचेपर्यंत येतात. ही गोष्ट मी वीस वेळा तरी पाहिली असेल आणि एकदाही तिचा विचार केला नव्हता.

मास्तरांचा क्रम ठरलेला: सकाळी साडेसहाला चहा आणि केसरबाई केरकर. बाईंचं केरी याच तालुक्यातलं, आणि १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांवरच्या तबकडीतून त्यांचा आवाज अंतराळात गेला हे मास्तर येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला सांगतात, मलाही सांगतात. दुसरा ठेवा म्हणजे देवळाच्या जत्रेतल्या संगीत नाटकांच्या कॅसेट. भावानेच प्रेक्षकांत बसून भरलेल्या; पदांइतक्याच त्यात खोकण्याचे आणि चण्याच्या पुड्यांचे आवाज. मास्तरांनी त्या पेनड्राइव्हवर घेतल्या होत्या आणि चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, सगळं घर जमल्यावर ऐकवायच्या ठरवल्या होत्या.

अडचण

१४ जूनला सकाळी फोन आला. ‘अरे, तुझ्या त्या कुवेतवाल्याने डोळे वटारलेत.’

बटण दाबलं की डिस्प्ले उजळायचा, चार-पाच सेकंद काहीच नाही, मग ‘प्रोटेक्ट’ हा शब्द आणि लुकलुकणारा लाल दिवा. पुन्हा दाबलं की पुन्हा तेच. फोन करण्याआधी मास्तरांनी दहा-बारा वेळा दाबून पाहिलं होतं.

ही सोय कशासाठी असते ते थोडक्यात सांगतो. ॲम्पच्या आउटपुटला फक्त आवाजाची एसी, म्हणजे सतत दिशा बदलणारी, लाट यायला हवी. आतला आउटपुट ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला तर पुरवठ्याचा सगळा डीसी, म्हणजे एकाच दिशेचा, दाब सरळ स्पीकरवर येतो. या रिसीव्हरमध्ये तो दाब अधिक-उणे ४५ व्होल्ट आहे. स्पीकरच्या कॉइलचा रोध मीटरवर ६ ओहमच्या आसपास भरतो. म्हणजे साडेसात अँपिअर करंट, जवळजवळ ३४० वॉट, तोही अखंड. कॉइल काही क्षणांत जळते, कधी कागदी कोनही पेट घेतो. म्हणून रिसीव्हर चालू झाला की आतलं सर्किट आधी चार-पाच सेकंद तपासतं, सगळं ठीक असेल तरच ‘टक्’ करून रिले, म्हणजे विजेने ओढला जाणारा स्विच, ओढतं आणि स्पीकर ॲम्पला जोडले जातात. काही खटकलं तर रिले ओढलाच जात नाही आणि मशीन स्वतःला बंद करून घेतं.

या सगळ्या प्रकरणातली सर्वांत महत्त्वाची खूण त्या ‘टक्’मध्ये होती. ती मी पहिल्या दिवशी विचारलीच नाही.

पहिला प्रयत्न

आमच्याकडे दुकानं दुपारी एक ते साडेतीन बंद असतात. तेवढ्यात मी मास्तरांकडे गेलो. पावसाने उघडीप दिली होती, ऊन पडलं होतं. रिसीव्हर चालू करून न पाहताच मी मागचे सगळे स्पीकर काढले. ही पहिली चूक. मग बटण दाबलं. टक्. डिस्प्ले व्यवस्थित.

‘पाहिलंत? स्पीकरचीच भानगड,’ मी म्हटलं.

आणि भानगड सापडलीही. उजव्या मागच्या स्पीकरच्या वायरची एक तार खाऱ्या हवेने काळी-हिरवी होऊन वाकडी झाली होती आणि शेजारच्या टर्मिनलला जवळजवळ टेकली होती. दोष दिसला की दुरुस्ती करणाऱ्याचं डोकं बंद पडतं, तसं झालं. पाचही वायरींची टोकं कापून नव्याने सोलली, पीळ घालून घट्ट बसवली. केसरबाई गायल्या. वहिनींनी सोलकढी दिली. मी खूश होऊन परतलो.

पुढचे चार दिवस उघडीप होती आणि चारही दिवस रिसीव्हर चालला. १८ जूनला रात्रभर पाऊस कोसळला. सकाळी पुन्हा लाल दिवा.

२० तारखेला दुपारी पुन्हा गेलो. माझ्यासमोर पहिल्याच फटक्यात चालू. मग मी मॅन्युअलमधला रीसेट केला. हाती दुसरं काही नव्हतं म्हणून केला, दुसरं काही कारण नाही. त्याने मास्तरांनी बसवलेलं आकाशवाणी पणजीचं स्टेशन आणि स्पीकरच्या अंतरांची सगळी मापं पुसली गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी लाल दिवा होताच. मी असलो की मशीन शहाण्यासारखं वागायचं, माझी पाठ वळली की रुसायचं. वहिनी म्हणाल्या, ‘तू इथेच राहायला ये.’ चेष्टेत म्हणाल्या, पण उपाय तोच निघाला.

समोरचे पर्याय

घरात बैठक झाली. मुलगा फोनवरून म्हणाला, नवा घ्या. नव्या पाच चॅनलच्या रिसीव्हरला तीस-पस्तीस हजार पडले असते. मास्तरांना पैशांपेक्षा अडगळीची चिंता होती: चालण्याजोगी वस्तू टाकायची कुठे?

कंपनीच्या सर्व्हिसला विचारलं. इतक्या जुन्या मॉडेलचे बोर्ड येत नाहीत, न बघताच बदलायचं म्हटलं तरी बदलायला काही नाही, असं उत्तर आलं. यात त्यांची चूक नाही. मुंबईला कुरियरने पाठवणं हा पर्याय होता, पण बारा किलोचं धूड, आतला ट्रान्सफॉर्मर जड. वाटेत दोन-तीनदा आपटलं की बोर्डला तडा जाण्याची भीती.

चौथा पर्याय एका ओळखीच्या मेकॅनिकने सुचवला. ‘कांयच ना, हांव करून दितां,’ म्हणाला. प्रोटेक्शनची एक वायर तोडायची की रिले आपोआप ओढला जातो, अर्ध्या तासाचं काम. मास्तरांना हे पटू लागलं होतं. मी कागद घेऊन वरचं गणित मांडलं: पंचेचाळीस भागिले सहा. गणिताच्या मास्तरांना गणिताने उत्तर दिलं की वाद राहत नाही. पण माझाही प्रश्न अजून सुटला नव्हता. प्रोटेक्शन खरं बोलतंय की खोटं हे ठरवल्याशिवाय त्याला गप्प करायचं नाही, एवढंच ठरलं. पेटी उघडायची, पण आधी नीट विचार करून.

मास्तरांची वही

निघताना मास्तरांनी शोकेसच्या खणातून दोनशे पानी वही काढली. शाळेतली सवय: हजेरी लिहिल्याशिवाय दिवस सुरू होत नाही. १४ जूनपासून प्रत्येक वेळेची नोंद होती, निळ्या शाईत, समास आखून.

‘१९ जून. सकाळी ६.३५. रात्रभर पाऊस. ५ सेकंद, लाल. आवाज नाही.’
‘१९ जून. सकाळी ९.१०. पाऊस. ५ सेकंद, लाल. आवाज नाही.’
‘१९ जून. दुपारी १.४०. ऊन. चालू. टक् झाला.’

मी ‘आवाज नाही’ वर बोट ठेवून विचारलं, म्हणजे गाणं नाही? ‘गाणं कसलं, टक् नाही,’ मास्तर म्हणाले. ‘एरवी टक् होतो ना, तो.’

तिथे मला घाम फुटला. टक् झालाच नाही म्हणजे रिले ओढला गेला नाही. रिले ओढला गेला नाही म्हणजे स्पीकर ॲम्पला जोडलेच गेले नव्हते. जे जोडलेलंच नाही त्याच्या वायरीत दोष असून मशीन बंद कसं पडेल? मी पाच वायरी कापून जे बक्षीस मिळवलं होतं ते उन्हाचं होतं.

वेळेवरून बरंच कळतं. बटण दाबल्या दाबल्या, सेकंदाच्या आत मशीन बंद पडलं तर बहुतेकदा आउटपुट ट्रान्झिस्टर किंवा पुरवठा शॉर्ट. चार-पाच सेकंद थांबून, टक् न होताच बंद पडलं तर आउटपुटला डीसी आहे किंवा तो शोधणारं सर्किटच बिघडलंय. टक् झाल्यावर लगेच बंद पडलं तर स्पीकर आणि वायरी. वीस-पंचवीस मिनिटं वाजून मग बंद पडलं तर उष्णता. याला अपवाद असतात, पण सुरुवात कुठून करायची हे ठरतं.

आणि दुसरा रकाना: हवामान. अकरा लाल नोंदी, सगळ्या पावसातल्या किंवा पहाटेच्या. शॉर्ट झालेला ट्रान्झिस्टर ऊन बघून बरा होत नाही. दमट हवेत बिघडणारी आणि उन्हात सुधारणारी वस्तू म्हणजे गळती: जिथून करंट जायला नको तिथून थोडा थोडा जातोय.

मोजमाप

रविवारी सव्वासहाला, रेनकोट घालून, मास्तरांकडे पोचलो. बाहेर धो धो. घरातल्या आर्द्रतामापकावर ८८ टक्के. बटण दाबलं. पाच सेकंद, लाल. दोष पहिल्यांदाच माझ्या डोळ्यांसमोर झाला, आणि मला आनंद झाला.

प्लग काढला, वरचं पत्र्याचं झाकण काढलं. आत १०,००० मायक्रोफॅरडचे दोन मोठे कपॅसिटर. प्लग काढल्यावरही त्यांत दाब राहतो. काही जण स्क्रूड्रायव्हर आडवा घालून ठिणगी काढतात. मी १०० ओहम, १० वॉटचा रेझिस्टर दोन्हींवर आळीपाळीने पाच-सहा सेकंद धरतो आणि मीटरवर शून्य पाहतो. मग पाचही चॅनलचे आउटपुट ट्रान्झिस्टर डायोड टेस्टवर तपासले. एकही शॉर्ट नाही.

आता खरा प्रश्न. मीटरचा हूक रिलेच्या आधीच्या बिंदूला अडकवला, हात बाजूला घेतला आणि मास्तरांना बटण दाबायला सांगितलं. पाच चॅनल, पाच वेळा. दर वेळी आउटपुटचा डीसी २५ मिलिव्होल्टच्या आत. इतका डीसी निरोगी ॲम्पलाही असतो. म्हणजे ॲम्प ठणठणीत. मग तक्रार कोण करतंय?

प्रत्येक चॅनलचं आउटपुट एकेका रेझिस्टरमधून एका सामाईक ओळीवर येतं, आणि ती ओळ एका छोट्या ट्रान्झिस्टरच्या बेसला जाते. ओळीवर ०.६ व्होल्टच्या आसपास दाब आला की तो ट्रान्झिस्टर सुरू होतो आणि मशीनला ‘धोका’ असा निरोप देतो. हूक त्या ओळीला लावला. ०.३... ०.४५... ०.६२. लाल.

चौकीदाराला भास होत होता. आउटपुटला चोर नव्हता, चौकीदाराच्या कानात दुसरंच कोणीतरी कुजबुजत होतं.

टॉर्च जवळ धरली. मोठे कपॅसिटर हलू नयेत म्हणून कारखान्यात त्यांच्या बुडाशी पिवळट गोंद ओततात. जुन्या मशीनमधला हा गोंद वर्षानुवर्षं उष्णतेत राहिला की तपकिरी, कडक होतो, आणि त्यातून थोडा करंट वाहू लागतो. ओलावा लागला की आणखी वाहतो, शिवाय खालचं तांबंही खातो. इथे तो जळक्या गुळाच्या रंगाचा झाला होता आणि कपॅसिटरच्या बुडातून पसरून दोन रेझिस्टर आणि एका जंपरवर (जोडतारेवर) चढला होता. एका टोकाला पुरवठ्याची ४५ व्होल्टची रेल, दुसऱ्या टोकाला ती नाजूक ओळ.

गणित मास्तरांनीच केलं, वहीच्या मागच्या पानावर. ओळीपासून ग्राउंडपर्यंत २२ किलोओहम. गोंदातून ३ मेगाओहमची गळती धरली तर ओळीवर ०.३३ व्होल्ट: काही होत नाही. दमट हवेत ती १ मेगाओहमवर आली तर ०.९७ व्होल्ट: ट्रान्झिस्टर सुरू व्हायला पुरेसा. कोरड्या दुपारी आणि ओल्या पहाटे यांतला फरक एवढाच.

खात्री हवी होती. मशीन बंद करून सूनबाईंचा हेअर ड्रायर पाच मिनिटं त्या गोंदावर धरला. चालू केलं: ०.२ व्होल्ट, टक्. मग शहाळ्याची प्लॅस्टिकची स्ट्रॉ घेऊन, लांबूनच, तिच्यातून तोंडाची वाफ गोंदावर सोडली, हाऽऽ करून. मीटर चढला, ०.५, ०.६, लाल. हे मी तीनदा केलं. तिसऱ्यांदा निव्वळ हौसेने.

हे वाचून कोणी झाकण उघडणार असेल तर एक सांगतो: प्लग लावलेला असताना आत हात घालायचा नाही. हूक आधी लावायचा, मग प्लग. आत २३० व्होल्टची बाजू उघडी असते, आणि दोन रेलमध्ये मिळून ९० व्होल्ट असतात. मीटर हाताळायची सवय नसेल तर वेळ, टक् आणि हवामान एवढं लिहून मेकॅनिककडे द्या. त्याचं निम्मं काम होतं.

दुरुस्ती

गोंद काढायला दीड तास लागला. धातूच्या टोकाने खरवडलं तर ट्रॅक तुटतो, म्हणून बांबूची काडी तासून घेतली. थोडा आयसोप्रोपिल अल्कोहोल सोडायचा, भिजू द्यायचा, काडीने उचकटायचं, जुन्या टूथब्रशने पुसायचं. खालचा जंपर हिरवा पडला होता आणि काडी लागताच मोडला. आणखी एका पावसाळ्यात तो आपोआप तुटला असता आणि मग वेगळाच आजार निघाला असता. दोन रेझिस्टर, जंपर आणि ओळीवरचा ४७ मायक्रोफॅरडचा बायपोलर कपॅसिटर बदलला. सगळ्या सुट्या भागांचा खर्च शंभर रुपयांच्या आत. साफ जागेवर पीसीबी लॅकरचा पातळ हात दिला.

पहिल्यांदा चालू करताना १०० वॉटचा जुना तारेचा बल्ब सिरीजमध्ये लावला. बल्ब एकदम पेटला आणि मंदावला, म्हणजे शॉर्ट नाही. पण लाल दिवा लागला! मास्तरांचा चेहरा उतरला. मला माहीत होतं तरी पोटात गोळा आलाच. सिरीज बल्बमुळे आत दाब कमी पोचतो आणि काही रिसीव्हर तेवढ्यानेही प्रोटेक्टमध्ये जातात. बल्ब काढून सरळ लावलं. चार सेकंद. टक्.

बाहेर पाऊस तसाच कोसळत होता. तो थांबायच्या आत चालू झालं याचंच मला समाधान.

काय वेगळं करता आलं असतं

दोष डोळ्यांनी पाहण्याआधी मी वायरींना हात लावायला नको होता. एवढं पाळलं असतं तर उन्हातलं यश मी खरं मानलं नसतं. मीटरने डीसी पाहायला दहा मिनिटं लागतात. ते मी तीन आठवडे टाळलं, कारण झाकणाला बारा स्क्रू होते. रीसेट तर निव्वळ अज्ञानातून केला आणि मास्तरांना पुन्हा स्टेशनं शोधत बसवलं.

वायरी कापल्या ते चुकलं असं मात्र म्हणणार नाही. ती काळी तार कधीतरी टेकलीच असती. चूक झाली ती पुढे बघायचं थांबलो ती.

आणि जागा. रिसीव्हर राजांगणापासून दूर, माजघराच्या कोरड्या भिंतीला नेला. हे आधीच केलं असतं तर कदाचित दोष त्या पावसाळ्यात दिसलाच नसता. गोंद मात्र आतून खातच राहिला असता. म्हणून जागा आधी बदलली नाही हे बरंच झालं असं मला वाटतं. मास्तरांना तसं वाटत नाही.

परिणाम

जुलै आणि ऑगस्टमध्ये रोज पहाटे केसरबाई गायल्या. वहीत नोंदी चालूच होत्या, ‘टक्’ एवढाच शब्द, पान भरून. गणपतीवरची माटोळी बांधायच्या आदल्या दिवशी मी सहज फेरी मारली, काही करायचं नव्हतं.

चवथीच्या दुसऱ्या संध्याकाळी घर भरलेलं असताना, जत्रेच्या नाटकाचा दुसरा अंक ऐन रंगात असताना, मशीन पुन्हा बंद पडलं. मास्तरांनी मला फोन केला नाही. हे मला नंतर वहीत दिसलं:

‘चवथ, दुसरा दिवस. सायं. ७.५०. पाऊस. टक् झाला होता. २५ मिनिटे वाजून लाल. म्हणजे गोंद नव्हे, उष्णता. रुमाल काढला. २० मिनिटांनी चालू. हिला सांगितले.’